सँडी टर्नबुल: चार पौंडांच्या नियमात घडलेली आणि बिघडलेली कारकीर्द (प्रकरण अभ्यास)

२ एप्रिल १९१५, गुड फ्रायडे. मँचेस्टरच्या ओल्ड ट्रॅफर्ड मैदानावर फुटबॉलच्या सामन्यात मँचेस्टर युनायटेडने लिव्हरपूलला २-० असं हरवलं. या सामन्याचा निकाल आधीच ठरला होता, हे पुढे चौकशीत सिद्ध झालं. युनायटेडचे तीन, लिव्हरपूलचे चार आणि चेस्टरचा एक अशा आठ खेळाडूंवर आजीवन बंदी आली. त्या आठांतलं एक नाव ॲलेक्झांडर टर्नबुल. सगळे त्याला सँडी म्हणत. ओल्ड ट्रॅफर्डवरचा अगदी पहिला गोल त्याचा. युनायटेडला पहिला एफए कप, म्हणजे इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनचा (एफए) चषक, मिळाला तो त्याच्याच गोलवर. आणि ज्या सामन्यापायी त्याच्यावर बंदी आली, त्या सामन्यात तो मैदानात उतरलाच नव्हता.

प्रकरण अभ्यासात सहसा नावं बदलतात. इथे बदललेली नाहीत, कारण सगळी माणसं सार्वजनिक इतिहासातली आहेत आणि गोष्टीला शंभराहून जास्त वर्षं झाली आहेत. सँडीचं आयुष्य एका ओळीत सांगायचं तर "चांगला खेळाडू पैशाच्या मोहाला बळी पडला" असं सांगतात. मला ते अर्धवट वाटतं. त्याची पूर्ण कारकीर्द ओळीने पाहिली की दिसतं, कागदावरचा नियम एक आणि रोजचा व्यवहार दुसरा, हा धडा त्याने पहिल्याच क्लबात घेतला आणि तो देणारे त्याचे वरिष्ठच होते. १९१५ मध्ये त्याने जे केलं ते चूकच होतं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण त्या चुकीपर्यंत तो कसा पोचला, हे पाहिल्याशिवाय या प्रकरणातून काही हाती लागत नाही.

पार्श्वभूमी

सँडीचा जन्म १८८४ चा, स्कॉटलंडच्या एअरशायरमधल्या हर्लफर्ड गावचा. किल्मार्नॉकला लागून असलेलं हे गाव कोळशाच्या खाणींचं. अशा गावातल्या मुलाला खाण चुकवायची तर पायातला खेळ हा एक रस्ता होता, आणि तो रस्ता दक्षिणेला इंग्लंडकडे जायचा. इंग्लंडने व्यावसायिक फुटबॉलला १८८५ मध्ये मान्यता दिली, स्कॉटलंडने १८९३ मध्ये. मधल्या काळात लँकशायरच्या क्लबांनी स्कॉटिश पोरं उचलून नेण्याचा सपाटाच लावला होता. स्कॉटलंडची लहान लहान पास देत पुढे सरकण्याची पद्धत इंग्रजांच्या धावाधावीच्या खेळापेक्षा वरचढ होती आणि तिला मागणी होती. विसावं शतक उजाडलं तरी ही वाट तशीच चालू होती. १९०२ मध्ये सँडी मँचेस्टर सिटीत दाखल झाला. वय अठरा.

आता नियमाकडे येतो, कारण सगळं प्रकरण त्याच्याभोवती फिरतं. इंग्लंडमध्ये १९०१ पासून खेळाडूच्या पगाराला कमाल मर्यादा होती: आठवड्याला चार पौंड. करार करताना जास्तीत जास्त दहा पौंड बोनस. सामना जिंकल्याबद्दल वेगळे पैसे द्यायचे नाहीत. त्या काळच्या कुशल कारागिराच्या मानाने चार पौंड वाईट नव्हते, त्याला आठवड्याला दोनच्या आसपास मिळत. पण कारागीर साठीपर्यंत काम करायचा. फॉरवर्डचे, म्हणजे गोल करायला पुढे खेळणाऱ्याचे, गुडघे तिशीत बोलू लागायचे.

याच्या जोडीला दुसरा नियम होता. हंगाम संपला, करार संपला, तरी खेळाडूची नोंदणी क्लबाकडेच राहायची. क्लबाने सोडल्याशिवाय त्याला लीगमध्ये दुसरीकडे खेळता येत नसे. क्लब मात्र त्याला विकून पैसे घेऊ शकत होता. फेब्रुवारी १९०५ मध्ये मिडल्सब्रोने ॲल्फ कॉमनसाठी संडरलंडला एक हजार पौंड मोजले. ज्याची किंमत हजार, त्याचा पगार चार. हा हिशेब ड्रेसिंग रूममधल्या प्रत्येकाला कळत होता.

सिटीचा मॅनेजर टॉम मॅली हाही स्कॉटिश, सेल्टिक या ग्लासगोच्या क्लबाच्या परंपरेत वाढलेला. त्याच्या हाताखाली संघ १९०३ मध्ये लीगच्या दुसऱ्या विभागातून वर आला, १९०४ मध्ये पहिल्या विभागात दुसरा आला आणि त्याच वर्षी क्रिस्टल पॅलेसवर बोल्टनला १-० ने हरवून एफए कप घेऊन आला. गोल वेल्सच्या बिली मेरेडिथचा, आणि डाव्या बाजूच्या फॉरवर्डांत सँडी. बुटका, भक्कम बांध्याचा, उंचीच्या मानाने डोक्याने विलक्षण गोल करणारा. त्याचं वय तेव्हा वीसच्या आतबाहेर होतं. या यशामागे वरचे पैसे होते, हे तेव्हा बाहेर कोणी उघडपणे बोलत नव्हतं.

अडचण उभी राहिली ती अशी

२९ एप्रिल १९०५, हंगामाचा शेवटचा दिवस. विजेतेपदाच्या आशेवर सिटी व्हिला पार्कवर उतरली. ॲस्टन व्हिलाने ३-२ असा सामना घेतला आणि लीग न्यूकॅसलने जिंकली. खेळ अतिशय दांडगाईचा झाला. सँडी आणि व्हिलाचा कर्णधार ॲलेक लीक यांच्यात मैदानातच हातघाई झाली. सामन्यानंतर सँडीला व्हिलाच्या ड्रेसिंग रूममध्ये ओढून मारहाण झाल्याच्या बातम्या होत्या.

एफएने चौकशी लावली ती मारामारीची. त्या चौकशीत लीकने सांगितलं की सामना मुद्दाम हरण्यासाठी मेरेडिथने आपल्याला दहा पौंड देऊ केले होते. सँडीला मारामारीबद्दल एक महिन्याची बंदी मिळाली. मेरेडिथला पुढच्या एप्रिलपर्यंतची.

मेरेडिथने क्लबाकडे या काळातले पैसे मागितले. एफएची नजर असल्यामुळे क्लबाने हात वर केले. मग मेरेडिथने बोलायला सुरुवात केली: मर्यादेपेक्षा जास्त पगार, बोनस, सगळं. १९०६ मध्ये एफएने सिटीच्या वह्या तपासल्या. मॅनेजर मॅली आणि माजी अध्यक्ष यांना बेमुदत निलंबित केलं. क्लबाला अडीचशे पौंड दंड. सतरा खेळाडूंना मिळून नऊशे पौंड दंड, १ जानेवारी १९०७ पर्यंत बंदी आणि सिटीसाठी पुन्हा कधीही न खेळण्याचा हुकूम. मॅलीचा बचाव असा होता की इंग्लंडमध्ये धंद्याची रीतच ही आहे, बाकीच्या क्लबांच्या वह्या उघडल्या तर त्यांच्यातही हेच सापडेल. त्या वह्या कोणी उघडल्या नाहीत.

या टप्प्यावर थांबून आकडे शेजारी ठेवून पाहावेत. पैसे दिले क्लबाने, घेतले खेळाडूंनी. क्लबाचा दंड अडीचशे, खेळाडूंचा नऊशे. क्लब पुढच्या हंगामात खेळत राहिला, खेळाडू सात महिने बिनपगारी घरी बसले. बावीस वर्षांच्या सँडीने यातून काय शिकावं अशी एफएची अपेक्षा होती? नियम पाळ, हे? मला वाटतं तो दुसरंच शिकला असणार: पैसे सगळेच देतात, सापडलं की भरतो मात्र खेळाडू.

समोरचे पर्याय, १९०६

सिटीला खेळाडू विकणं भाग होतं. मँचेस्टरच्या क्वीन्स हॉटेलमध्ये इतर क्लबांचे लोक बोलावून अक्षरशः लिलावाचा घाट घातला गेला. सँडीपुढे कागदावर तीन वाटा होत्या. स्कॉटलंडला परत जाणं. इंग्लंडमध्ये दूरच्या एखाद्या क्लबात नव्याने सुरुवात करणं. किंवा शहर न सोडता पलीकडच्या युनायटेडकडे जाणं. युनायटेड नुकताच पहिल्या विभागात आला होता आणि त्यांचे सचिव अर्नेस्ट मँगनॉल यांनी मेरेडिथला आधीच गाठलं होतं. लिलावाला बाकीचे क्लब पोचेपर्यंत मँगनॉल यांनी सँडी आणि सिटीचेच बर्जेस व बॅनिस्टर यांच्याशी बोलणंही उरकलेलं होतं.

सँडीने तिसरी वाट धरली. माझ्या मते त्याच्या कारकिर्दीतला हा सर्वात शहाणा निर्णय. मेरेडिथ उजवीकडून चेंडू कसा आणि कधी टाकतो हे त्याच्या अंगवळणी पडलं होतं, शहर ओळखीचं होतं, घर हलवायचं नव्हतं.

१ जानेवारी १९०७ रोजी, बंदी संपली त्याच दिवशी, युनायटेडच्या क्लेटन इथल्या बँक स्ट्रीट मैदानावर सामना होता ॲस्टन व्हिलाशी. मेरेडिथने उजवीकडून चेंडू आत टाकला, सँडीने गोल केला, युनायटेड १-० ने जिंकला. समोर व्हिलाच असावा, हा योगायोग मँचेस्टरच्या प्रेक्षकांना पुरेपूर कळला असणार.

त्यानंतरची पाच वर्षं

१९०७-०८ मध्ये युनायटेडने पहिल्यांदा लीग जिंकली. सँडीचे लीगमधले गोल २५, तेही ३० सामन्यांत.

१९०९ च्या एफए कप अंतिम सामन्याची गोष्ट जरा सविस्तर सांगायला हवी, कारण तिथेही एक निर्णय होता. सँडीचा गुडघा दुखावलेला होता. खेळवावं की नाही, यावर मँगनॉल यांचं मन होत नव्हतं. त्या काळी बदली खेळाडू नसत. एक जण लंगडला तर उरलेल्या वेळेत दहांनीच खेळायचं. कर्णधार चार्ली रॉबर्ट्स याने सँडीची बाजू घेतली. त्याचा हिशेब साधा होता: सँडीने एक गोल केला तरी पुरे, मग तो नुसता उभा राहिला तरी बाकीचे सांभाळून घेतील. २४ एप्रिलला क्रिस्टल पॅलेसवर ब्रिस्टल सिटीविरुद्ध विसाव्या मिनिटानंतर लगेच हॅरॉल्ड हाल्सचा फटका क्रॉसबारला लागून परतला आणि सँडीने तो जाळ्यात घातला. सामना १-० वरच संपला. दुखऱ्या गुडघ्याच्या गड्यावर जोखीम घ्यावी का, हा प्रश्न आज डॉक्टर आणि फिजिओ सोडवतात. तेव्हा तो कर्णधाराच्या शब्दावर सुटला. कारण रॉबर्ट्सला ठाऊक होतं की गोलसमोर कुठे उभं राहायचं हे या माणसाचा गुडघा ठरवत नाही.

त्याच उन्हाळ्यात दुसरी लढाई झाली. डिसेंबर १९०७ मध्ये मँचेस्टरच्या इंपिरियल हॉटेलमध्ये खेळाडूंची संघटना उभी राहिली होती. पुढाकार मेरेडिथ आणि रॉबर्ट्स यांचा. मागण्या दोनच: पगाराची मर्यादा हटवा आणि करार संपल्यावर खेळाडूला मोकळं करा. संघटना देशातल्या कामगार संघटनांच्या महासंघाशी जोडून घेऊ लागली, तसं एफएने फर्मान काढलं: १ जुलै १९०९ पर्यंत राजीनामे द्या, नाहीतर बंदी. देशभरातल्या बहुतेक खेळाडूंनी दिले. युनायटेडच्या खेळाडूंनी दिले नाहीत. उन्हाळ्याचा पगार थांबला, क्लबाच्या मैदानाचे दरवाजे बंद झाले. मग फॅलोफील्डच्या मैदानावर सराव करून त्यांनी स्वतःचं नाव ठेवलं "बहिष्कृतांचा संघ". या बाजूने उभ्या राहिलेल्यांत सँडीही होता. हंगाम सुरू व्हायच्या आदल्या दिवशी, ३१ ऑगस्टला, एफएने संघटनेला मान्यता दिली. बदल्यात संघटनेला महासंघाचा नाद सोडावा लागला आणि मूळ दोन्ही मागण्या जिथल्या तिथे राहिल्या.

मला या प्रसंगाचं महत्त्व १९०९ च्या कपापेक्षा जास्त वाटतं. अन्याय वाटणाऱ्या नियमाविरुद्ध सरळ, उघड मार्गाने जाण्याचा प्रयत्न सँडी आणि त्याच्या सोबत्यांनी केला होता. पगार बुडवून केला होता. त्यातून मिळालं ते थोडंच: १९१० मध्ये मर्यादा वाढून जुन्या खेळाडूंसाठी पाच पौंड झाली. नोंदणीच्या नियमावर संघटना कोर्टात गेली. हर्बर्ट किंगॅबी हा खेळाडू ॲस्टन व्हिलाविरुद्ध लढला आणि १९१२ मध्ये हरला. त्या निकालाने संघटना कर्जात बुडाली आणि कायद्याचा रस्ता जवळपास बंद झाला.

खेळ मात्र बहरात होता. १९ फेब्रुवारी १९१० ला ओल्ड ट्रॅफर्डचं उद्घाटन झालं, तेही लिव्हरपूलविरुद्ध. पहिला गोल सँडीचा, डोक्याने. सामना युनायटेडने ३-४ असा गमावला, पण तो गोल क्लबाच्या इतिहासात राहिला. १९११ मध्ये पुन्हा लीगचं विजेतेपद. युनायटेडसाठी त्याचे एकूण गोल १०१ झाले. एवढं असून स्कॉटलंडच्या राष्ट्रीय संघात त्याला एकदाही घेतलं नाही.

१९१५ चा निर्णय

ऑगस्ट १९१४ मध्ये महायुद्ध सुरू झालं, तरी फुटबॉल लीग एक हंगाम चालू राहिली. वर्तमानपत्रांत टीका होत होती, प्रेक्षक घटले, खेळाडूंच्या पगारात कपात झाली. मँगनॉल १९१२ मध्येच सिटीकडे गेले होते आणि विजेत्या संघाची पार मोडतोड झाली होती. युनायटेड तळाला घसरला होता. सँडी तिशी ओलांडलेला, संघात कधी आत कधी बाहेर, घरी पत्नी आणि लहान मुलं.

वसंत ऋतूपर्यंत सगळ्यांना कळून चुकलं होतं की पुढच्या हंगामात लीग होणार नाही. म्हणजे एप्रिलअखेर करार संपला की पगार संपला. पुढे प्रादेशिक सामने सुरू झाले तेव्हा खेळाडूंना पगार द्यायचाच नाही असं ठरलं. युद्ध किती वर्षं चालेल कोणाला ठाऊक नव्हतं, पण तिशीतल्या फॉरवर्डला एवढं नक्की ठाऊक होतं की ते संपेल तेव्हा आपण खेळायच्या वयाचे नसू.

त्याच्यापुढचे पर्याय मांडायचे तर असे: दारूगोळ्याच्या कारखान्यात काम, ज्याला तेव्हा माणसं हवीच होती. सैन्यात भरती. क्लबाकडे पूर्वीच्या सेवेबद्दल काही रक्कम मागणं, जी देणं तळाला गेलेल्या आणि गल्ला आटलेल्या क्लबाला अवघड होतं. आणि चौथा, जो कटवाल्यांनी पुढे केला.

लिव्हरपूलचा जॅकी शेल्डन हा पूर्वी युनायटेडचा खेळाडू. दोन्ही संघांतल्या ओळखी त्याच्याकडे. मँचेस्टरच्या एका पबमध्ये बैठका झाल्या आणि ठरलं: युनायटेड २-० ने जिंकणार. बुकींकडे या नेमक्या स्कोअरला सातास एकचा भाव होता. दहा पौंड लावणाऱ्याला सत्तर सुटणार, म्हणजे चार पौंडांच्या हिशेबाने सतरा-अठरा आठवड्यांचा पगार. युनायटेडकडून सँडी, इनॉक वेस्ट आणि आर्थर व्हॅली यांना पुढे दोषी धरण्यात आलं. तिघांपैकी मैदानात उतरला तो फक्त वेस्ट.

सामना पावसात झाला. मध्यंतरापूर्वी एक आणि नंतर एक असे जॉर्ज अँडरसनचे दोन गोल झाले. मधे युनायटेडला पेनल्टी मिळाली, ती ओ'कॉनेलने गोलपासून कितीतरी लांब मारली. २-० झाल्यावर चेंडू गोलकडे न्यायची कोणालाच घाई उरली नाही. तो जमेल तिकडे, गर्दीत सुद्धा, मारला जात होता. मेरेडिथ त्या दिवशी उजव्या बाजूला खेळत होता आणि त्याचं म्हणणं होतं की आपल्याला कोणी पासच देत नव्हतं. शेवटाकडे लिव्हरपूलच्या फ्रेड पॅग्नमचा फटका क्रॉसबारवर आदळला, तेव्हा त्याचेच सोबती त्याच्यावर ओरडले. गोल होता होता राहिला म्हणून आपल्याच फॉरवर्डवर चिडणारा संघ प्रेक्षकांनी तोवर पाहिला नसेल. लोक हुर्यो उडवतच घरी गेले.

पॅग्नमकडे या प्रकरणात विशेष लक्ष द्यायला हवं. त्याचा पगार तोच, युद्ध तेच, भविष्याची चिंता तीच. त्याला कट सांगितला गेला होता, त्याने नाही म्हटलं आणि चौकशीत आपल्या सहकाऱ्यांविरुद्ध साक्ष दिली. वाईट नियमांमुळे सँडीचं पाऊल घसरलं, असं मी वर सुचवत आलो आहे. पॅग्नम त्या म्हणण्याला हद्द घालतो. नियमाने उतार तयार केला. त्यावरून खाली जायचं की नाही, हे प्रत्येकाने आपापलं ठरवलं.

चौकशी आणि निष्पत्ती

एकाच स्कोअरवर अचानक एवढे पैसे लागलेले पाहून बुकींनाच आधी संशय आला. त्यांनी पैसे देणं थांबवून माहिती देणाऱ्याला बक्षीस जाहीर केलं. एफए आणि लीगची चौकशी डिसेंबर १९१५ पर्यंत चालली आणि आठ जणांना आजन्म बंदी झाली. त्यांना खेळता येणार नव्हतं, कोणत्याही क्लबाचं काम करता येणार नव्हतं, मैदानाच्या आत पाऊलही टाकता येणार नव्हतं. क्लबांना काहीच शिक्षा झाली नाही, कारण त्यांना कल्पना नव्हती असं ठरलं. पुढे वेस्टने बदनामीचा खटला भरला, तो १९१७ मध्ये हरला. त्या खटल्यात शेल्डनने कट झाल्याचं कबूल केलं.

सामन्याचा निकाल कायम राहिला. त्याचा परिणाम असा: युनायटेड ३० गुणांवर वाचला, चेल्सी २९ वर आणि टॉटनहॅम २८ वर दुसऱ्या विभागात जाण्याच्या जागांवर राहिले. या विजयाचे दोन गुण काढले असते तर युनायटेड २८ वर आला असता आणि चेल्सी सुटला असता. १९१९ मध्ये लीग पुन्हा सुरू करताना पहिला विभाग वीसवरून बावीस संघांचा केला आणि चेल्सीला ठेवून घेतलं. टॉटनहॅमला मात्र खालीच ढकललं. त्यांच्या जागी आर्सेनल मतदानाने वर आला, जो दुसऱ्या विभागात पहिल्या दोनांतही नव्हता.

चौकशी संपली त्या सुमारास सँडी सैन्यात होता. आधी मिडलसेक्स रेजिमेंटच्या २३ व्या, म्हणजे "फुटबॉलर्स" म्हणून ओळखल्या जाणाऱ्या बटालियनमध्ये, मग ईस्ट सरे रेजिमेंटच्या ८ व्या बटालियनमध्ये. ही तीच बटालियन, जिच्या एका कॅप्टनने १ जुलै १९१६ ला फ्रान्समधल्या सोम नदीकाठच्या हल्ल्यात आपल्या शिपायांना चेंडू दिले होते, ते शत्रूच्या खंदकाच्या दिशेने लाथाडत पुढे जाण्यासाठी. सँडी लान्स सार्जंट झाला. ३ मे १९१७ रोजी आरासच्या लढाईत, शेरिझी गावाच्या हल्ल्यात तो पडला. सुरुवातीला नोंद "बेपत्ता" अशी होती, त्यामुळे घरी बराच काळ आशा राहिली. त्याची कबर नाही. आरासच्या स्मारकावरच्या हजारो नावांत त्याचं नाव आहे. वय ३२.

१९१९ मध्ये एफएने युद्धातल्या सेवेची दखल घेऊन बंदी उठवली. सँडीचीही, मरणोत्तर.

वेगळं काय करता आलं असतं

सँडीने काय करायला हवं होतं, याचं उत्तर पॅग्नमने दिलं आहे, त्यात भर घालण्यासारखं नाही. एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. १९०६ मध्ये मोठ्यांनी आखलेल्या व्यवहारात तो ओढला गेला होता. १९१५ मध्ये तो संघातला जुनाजाणता होता, त्याच्याकडे पाहून धाकट्यांनी धडे घ्यावेत अशा जागी. हा फरक लहान नाही. आणि चेल्सी, टॉटनहॅमचे खेळाडूही त्याच्याच संघटनेचे, त्याच पगारमर्यादेत जगणारे होते. कटाची झळ लागली तर ती आपल्याच माणसांना लागणार होती.

युनायटेडला करता येण्यासारखं बरंच होतं. एप्रिलअखेर पगार थांबणार हे क्लबाला महिनोन्‌महिने आधी माहीत होतं. दोन लीग आणि एक कप मिळवून देणाऱ्या जुन्या खेळाडूंपुढे क्लबाने स्वतःहून काही ठेवायला हवं होतं. रक्कम नाही तर नोकरीची शिफारस, शहरातल्या कारखान्यांत ओळख, युद्धानंतर प्रशिक्षकाचं काम देण्याचा शब्द. पैशाची चणचण असलेल्या क्लबालाही यातलं बरंच काही जमलं असतं.

सर्वात जास्त संधी एफएने घालवल्या. १९०६ मध्ये फक्त एका क्लबाच्या वह्या न तपासता सगळ्यांच्या तपासल्या असत्या, तर मर्यादेचा नियम पाळला जात नाही हे तेव्हाच अधिकृतपणे पुढे आलं असतं, आणि नियम बदलायचा की खरोखर राबवायचा हे ठरवावं लागलं असतं. १९०९ मध्ये संघटनेशी बोलणी करताना पगार आणि नोंदणी हे दोन मुद्दे बाजूला ठेवले गेले. पगाराची मर्यादा शेवटी जानेवारी १९६१ मध्ये, संपाची नोटीस आल्यावर गेली. नोंदणीचा नियम १९६३ मध्ये जॉर्ज ईस्टहॅमच्या खटल्यात कोर्टाने मोडला. म्हणजे मेरेडिथ आणि रॉबर्ट्स जे मागत होते ते मिळायला अर्धशतकाहून जास्त काळ गेला.

सामन्याच्या गुणांचा प्रश्नही तसाच सोडला गेला. निकाल ठरवून झाला होता हे सिद्ध झाल्यावर तो रद्द करणं सरळ होतं. युद्धामुळे पुढचा हंगामच नव्हता, वेळ भरपूर होता, सामना पुन्हा खेळवणं किंवा गुण वगळून तक्ता नव्याने मांडणं यांतलं काहीही करता आलं असतं. त्याऐवजी १९१९ मध्ये विभागातल्या जागा वाढवून चेल्सीपुरता प्रश्न मिटवला आणि भुर्दंड टॉटनहॅमवर पडला.

माझा सर्वात मोठा आक्षेप शिक्षा माफ करण्याच्या पद्धतीवर आहे. एकाच कटातले आठ जण. १९१९ मध्ये माफी देताना निकष लावला तो युद्धसेवेचा. कटाचा सूत्रधार मानला गेलेला शेल्डन मोकळा होऊन पुन्हा लिव्हरपूलसाठी खेळू लागला. सँडीला माफी मिळाली तेव्हा तो हयात नव्हता. इनॉक वेस्ट शेवटपर्यंत आपण निर्दोष असल्याचं सांगत राहिला, कोर्टातही गेला, आणि त्याची बंदी तशीच ठेवली गेली. कटात कोणाचा किती हात होता, कोणी सत्य सांगितलं, कोणी लपवलं, याचा त्या माफीशी काही संबंध नव्हता. निकष लेखी असते आणि प्रत्येकाचं प्रकरण ठराविक वर्षांनी पुन्हा पाहिलं गेलं असतं, तर वेस्टचं म्हणणं निदान एकदा शांतपणे ऐकलं गेलं असतं. त्याची बंदी १९४५ मध्ये उठली. तेव्हा तो ५९ वर्षांचा होता.